हसायला सोडलेली जागा

विनोदी पिक्चर मागून बघायचा असतो. पडद्याकडे नाही, माणसांच्या मानांकडे.

सगळा धंदा जिला वहिनी म्हणायचा, ती एडिटर बाई गेली कैक वर्षं हेच करत आली होती. छोट्या थिएटरच्या मागच्या भिंतीला पाठ टेकवायची आणि अंधारातल्या रांगा वाचायच्या. हसू तोंडावर यायच्या आधी मानेत येतं. आधी खांदे हलतात, मग मान मागे जाते, आवाज सगळ्यात शेवटी. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. फुकटचा पिक्चर आणि वर थंडगार सरबत मिळालं की माणसं भिडेखातर हसतात. मानेला मात्र भीडबीड कळत नाही.

त्या मंगळवारी एकही मान हलली नाही. म्हणजे तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मधेच हलले, पण ते पायाने चप्पल चाचपत होते.

पडद्यावर दोन भाऊ वारलेल्या काकाचं घर रिकामं करत होते. दोघांचाही डोळा काकाच्या शिसवी कपाटावर, आणि दोघेही तोंडाने म्हणत होते, मला काही नको. थोरला भाऊ गहिवरून म्हणाला, "मला फक्त आठवण हवी रे," आणि म्हणता म्हणता टेपने कपाटाची रुंदी मोजायला लागला. शूटिंगच्या दिवशी या जागेला लाइट धरणारा माणूस हसून खाली बसला होता. इथे कुणीतरी खोकलं. मग तो भाऊ पडद्यावर टेप हातात धरून नुसताच उभा राहिला, लोकांचं हसून होईपर्यंत. लोक हसतच नव्हते, त्यामुळे तो बिचारा पाहुणे न आलेल्या घरच्या यजमानासारखा दिसायला लागला.

वहिनीच्या पायाला भिंगरी लागली होती. ती मागच्या भिंतीशी या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती, आणि दर खेपेला दाराशेजारच्या कचऱ्याच्या डब्याला तिचा पाय लागत होता. तिसऱ्यांदा डबा वाजला तेव्हा दोघंतिघं हसली. तेवढंच.

पिक्चर संपल्यावर माणसं बाहेर आली. "छान आहे," म्हणाली. एक बाई थांबून म्हणाल्या, "कॅमेरा फार सुंदर आहे हं." विनोदी पिक्चर बघून माणूस कॅमेरा सुंदर म्हणाला, की आपल्या घरी मयत झालंय असं समजून चालावं.

जिन्यात धाकटा उभा होता. धाकटा म्हणजे तिचा दीर आणि या पिक्चरचा दिग्दर्शक. तो तिला वहिनी म्हणायचा म्हणून हळूहळू सगळेच म्हणायला लागले. शिपायापासून निर्मात्यापर्यंत.

"कापताना टेपच्या तिथे आई हसली होती ना?" त्याने विचारलं.

"हसल्या होत्या."

"आणि जिन्यात कपाट अडकतं तिथे?"

"तिथे तर विणकाम खाली ठेवून हसल्या."

"मग वहिनी, घोडं पेंड कुठे खातंय?"

तिला माहीत असतं तर ती कचऱ्याच्या डब्याला लाथा मारत फिरली असती का? धाकट्याने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी दुसरा शो ठेवलाय. तोही असाच गेला तर निर्माते म्हणतात, कातरीला देऊ या. मी म्हटलं, वहिनीला शनिवारपर्यंत राहू द्या. याच्यापुढे माझंही चालायचं नाही."

कातरी हा नवा एडिटर. पोरगा हुशार होता, पण त्याच्या पिक्चरमध्ये माणसाने पापणी मिटली की उघडेपर्यंत गाव बदललेलं असायचं.

"आईचं हसू कधी चुकत नाही," धाकटा खाली उतरता उतरता म्हणाला. म्हणजे चुकलं असेल तर ते कुणाचं, हे त्याला म्हणावं लागलं नाही.

वहिनी हे काम कुठे शिकायला गेली नव्हती. धाकट्याच्या पहिल्या पिक्चरच्या वेळी एडिटर भांडून निघून गेला, एडिटिंगचं मशीन आणून घराच्या मागच्या खोलीत टाकलं, आणि चहा द्यायला आत गेलेली वहिनी पुन्हा बाहेर आलीच नाही. शिकत शिकत चुकली, चुकत चुकत शिकली. सासूबाई सोबत म्हणून मागे वेताच्या खुर्चीत विणत बसायच्या. त्या जिथे हसायच्या, तिथे वहिनी जागा सोडायची, त्यांचं हसून होईपर्यंत पुढचं वाक्य येऊ द्यायची नाही. लोकांच्या हशात वाक्य बुडालं तर ते वाक्य वाया जातं. तो पिक्चर चालला. दुसराही चालला. तिसरा तर इतका चालला की धाकटा मुलाखतींतून सांगत सुटला, "आमचे पिक्चर माझ्या आईच्या हसण्यावर कापलेले असतात." सासूबाईंचा फोटो छापून आला. त्यात त्या अजिबात हसत नव्हत्या.

तेव्हापासून पद्धतच पडली. वहिनी पुढे, पडद्याकडे तोंड करून. सासूबाई मागे. विनोदाची जागा जवळ आली की वहिनी मान जराशी डावीकडे कलती करायची, मागचं हसू नीट कानात पडावं म्हणून. हसू आलं की बोट बटणावर.

या खेपेला त्या पहिल्यापेक्षाही जास्त हसल्या होत्या. कधी नव्हे ते एकही विनोद खाली पडू दिला नव्हता. फक्त एकदा त्या भलत्याच ठिकाणी हसल्या. तिथे विनोद नव्हताच, नुसता लांबलचक मुका शॉट होता. वहिनीने वळून जरा त्रासिकच बघितलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं, टाका सुटला." शॉट रेंगाळत होता म्हणून वहिनीने तो नंतर काढूनही टाकला.

बुधवारी ती मंगळवारच्या शोचं चित्रण बघत बसली. पडद्याच्या खालून एक कॅमेरा प्रेक्षकांकडे लावलेला असायचा, म्हणजे मागून न दिसणारी तोंडं नंतर बघता यायची. ही तोंडं बघवत नव्हती. टेपची जागा आली. पहिल्या रांगेतल्या एका माणसाचे ओठ फाकायला लागले. हसू अगदी दारापर्यंत आलं होतं. पण पडद्यावरचा भाऊ टेप धरून उभाच, उभाच. त्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू संशय उमटला. हे आपल्या हसण्यासाठी थांबलेत की काय? आणि ओठ मिटले.

तिने पुढची जागा बघितली. तिथेही तेच. हसू उंबऱ्यापर्यंत यायचं आणि परत जायचं. पाहुण्याला "या, या, बसा, बसा" म्हणत कुणी अंगावरच धावून आलं, तर तो बसतो थोडाच?

म्हणजे जागा जास्त सुटली होती. सगळीकडे. पण जागा तर सासूबाईंच्या हसण्याइतकीच सोडली होती, नखभरही जास्त नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, फ्रिज उघडला, बंद केला, परत आली. पुन्हा उठली. खिडकीचा पडदा सारखा केला. तो सारखाच होता.

"खाली बस की जरा," मागून सासूबाई म्हणाल्या. "माझे टाके मोजायचे राहतायत तुझ्यामुळे."

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता आणि त्याला विनोद दुसऱ्या दिवशी कळायचा. लग्नात कुणीतरी सांगितलेल्या चुटक्याला तो पाठवणीच्या वेळी हसला होता, त्यावरून वहिनीच्या आईने पुष्कळ दिवस धसका घेतला होता. जेवता जेवता तो म्हणाला, "आई हल्ली टीव्ही आवाज बंद करून बघते. म्हणे वीज वाचते. आवाजाने कुठे वीज वाचते?"

वहिनी ताटात बोटाने रेघा ओढत होती. "हं," म्हणाली. तिच्या डोक्यात तो भाऊ अजून टेप धरून उभा होता.

गुरुवारी सकाळी धाकट्याचा फोन. "वहिनी, मला सुचलंय. प्रत्येक विनोदाखाली संगीत टाकू. हलकंसं, कोपरखळी मारल्यासारखं. ट्यांव."

"भाऊजी, पांगळ्या विनोदाला काठी दिली की लोक काठीकडेच बघतात."

"मग काय करू म्हणतेस? कातरी म्हणतो, दोन दिवसांत करून देतो."

"तुम्ही त्याच्याशी बोललातसुद्धा?"

"बोलून ठेवलंय," तो म्हणाला. "ठेवायला नको?"

तिने फोन ठेवला. शेजारच्या गल्लीत कुणीतरी रस्ता खोदायचं मशीन लावलं होतं, त्या धडधडीत काही ऐकू येईना, म्हणून तिने हेडफोन कानाला लावले आणि पहिल्यापासून पिक्चर चालू केला. एकेक जागा तपासत निघाली. टेपची जागा आली. सवयीने तिची मान डावीकडे कलली.

मागून सासूबाई हसल्या. हेडफोनमधून ते हसू लांबून, उशीखालून आल्यासारखं आलं. वहिनीचं बोट सवयीने बटणाकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

हेडफोन लावले की खोलीतला आवाज बंद होतो. गेला सगळा वेळ या खोलीत पिक्चरचा एक शब्दही वाजला नव्हता. वाजत होतं ते रस्त्याचं मशीन. मग त्या हसल्या कशाला?

तिने हेडफोन काढले नाहीत. वळलीही नाही. पडद्यावर पुढचा प्रसंग आला. काकाच्या खणात धाकट्या भावाला काकाचा चष्मा सापडतो, तो डोळ्यांना लावून बघतो, आणि चष्म्याआडून रडायला लागतो. अख्ख्या पिक्चरमध्ये एवढी एकच जागा रडायची. वहिनीने मुद्दाम मान डावीकडे कलती केली.

मागून हसू आलं. भरघोस, घरंदाज, फोटो छापून आलेलं हसू.

आपण केलं ते काही बरं केलं नाही, हे तिला लगेच वाटलं. म्हाताऱ्या माणसाची अशी परीक्षा घ्यायची नसते. पण कळायचं ते कळून चुकलं होतं. त्या हसतात का हे ऐकायला ती मान कलती करत होती, आणि मान कलली म्हणून त्या हसत होत्या. दोघी एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या, आणि मधल्या मधे पिक्चर लोंबकळत राहिला होता. मान दिसायची, मग त्या हसायच्या, म्हणून हसू उशिरा. आपलं चुकू नये म्हणून जरा जास्तच हसायच्या, म्हणून जागा लांब. आणि ज्याला ती इतके महिने लोकांचा कौल समजत होती, तो विहिरीत वाकून मारलेल्या तिच्याच हाकेचा परत आलेला आवाज होता.

ती उठली, चहा करून आणला, आणि खुर्ची ओढून सासूबाईंच्या बरोबर समोर बसली.

"आई," ती ओठ सावकाश, मोठे हलवत म्हणाली. "चहात साखर बरोबर आहे ना?"

सासूबाईंनी कपावरून तिच्याकडे बघितलं. मग सुया मांडीवर ठेवल्या.

"घोडीसारखी तोंड फाकवून काय बोलतेस? कळलं वाटतं तुला."

वहिनीने मान हलवली.

"बरं झालं. मलाही कंटाळा आला होता."

"कधीपासून?"

"एकदम थोडंच जातं ते. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली, ती बरी गेली. मग तुझ्या नवऱ्याचं बोलणं गेलं. त्यात फारसं काही गेलं नाही."

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर खुर्ची काढली असतीस."

"मी? मी काढली असती?"

"नसती काढलीस," सासूबाई म्हणाल्या. "पण तीवर बसायला मला काही निमित्त राहिलं नसतं. नुसतं बसायला काय, मी व्हरांड्यातही बसते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू मान वाकडी करायचीस. मला वाटायचं, आता विनोद झाला असणार. तुला तर ऐकू येतंय."

"मी तुमचं हसू ऐकायला मान वाकडी करायचे, आई."

सासूबाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. वाक्य त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. आणि मग त्या हसायला लागल्या. हे हसू वेगळंच होतं. त्यात घरंदाजपणा नव्हता, शीळ होती. खुर्ची कुरकुरली, चहा बशीत सांडला, लोकरीचा गुंडा घरंगळत मशीनखाली गेला. वहिनीला रागवायचं होतं. तिचा अख्खा पिक्चर बुडत होता. पण तिचेही खांदे हलायला लागले.

"यातलं काही त्याला सांगू नकोस," डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या. त्याला म्हणजे धाकट्याला. "पुढच्या मुलाखतीत सांगेल."

लोकरीचा गुंडा काढायला वहिनी मशीनखाली वाकली आणि वाकल्या वाकल्याच थांबली. टाका. ती बाहेर आली, चेहरा त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, "त्या दिवशी मी मान वाकडी केली नव्हती, तरी तुम्ही हसलात. टाका सुटला म्हणालात."

"टाका कशाला सुटेल माझा? तू डोळे वटारलेस म्हणून म्हटलं तसं."

तो शॉट असा होता. घराचं सामान जातंय. हमाल एकेक वस्तू नेतायत, आणि धाकटा भाऊ कामाला हात लावावा लागू नये म्हणून दार उघडं धरून उभा आहे. मोठं काम केल्यासारखा. टेबल जातं, पलंग जातो, खुर्च्या जातात. कुणी एक शब्द बोलत नाही. शेवटी दोन हमाल येतात, दाराचे स्क्रू काढतात आणि दारच उचलून नेतात. तो हात तसाच हवेत धरून उभा. वर दाराला वाट द्यायला अंग चोरून घेतो.

"तुझे सासरे तसेच होते," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही पहिलं घर बदललं तेव्हा मी पोटुशी, दोन्ही हातांत ट्रंका. आणि ते दार धरून उभे. वर मला म्हणतात, सावकाश गं, मी आहे इथे."

वहिनीने हेडफोन कपाटात टाकले. त्या दिवशी आणि शुक्रवारभर ती कापत बसली. वेताची खुर्ची मागून उचलून शेजारी आणली. सासूबाई विणत होत्या आणि त्यांना कशावर हसायचं काम नव्हतं. एकेका विनोदामागची ती रिकामी, हात जोडून उभी असलेली जागा तिने काढून टाकली. भाऊ म्हणतो, मला फक्त आठवण हवी, टेप कपाटाला लागतो न लागतो तोच पुढचा शॉट. हसायचं असेल त्याने पळत पळत हसावं. काही वाक्यं हशात बुडतील. बुडू देत. कोरड्या विहिरीवर पोहरा धरून उभं राहण्यापेक्षा ते बरं. कितीतरी जागी आपण एवढं थांबलो तरी कशाला, असं वाटून तिचे कान गरम व्हायचे. दोन विनोद कापल्यावर मुळात विनोदच नव्हते असं निघालं. ते अख्खेच काढून टाकले. आणि दाराचा शॉट तिने परत घातला, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत, न छाटता.

शुक्रवारी उन्हं उतरताना धाकटा आला. उभ्या उभ्याच बघायला लागला. टेपच्या जागेला त्याने भुवया उचलल्या. दाराचा शॉट आला तसा तो चुळबुळायला लागला.

"हे पुन्हा कुठून आलं? सगळा पिक्चर पळतोय आणि इथे हा बसलाय."

"उभा आहे," वहिनी म्हणाली.

"वहिनी, यात शब्द नाही, काही नाही. लोक मोबाईल काढतील." मग तो आईकडे वळला. "आई, तू सांग. इथे हसलीस तू?"

सासूबाईंनी त्याच्या ओठांकडे बघितलं, पण तो वळता वळता बोलला होता. त्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीला एक वाक्य पुरलं असतं. आईला ऐकू येत नाही, म्हणून जागा चुकल्या, माझा दोष नाही. शनिवारचं काहीही होवो, ठपका तरी तिच्यावरून गेला असता. ते वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

"जागा माझ्याच चुकल्या, भाऊजी," ती म्हणाली. "लोक हसतात का, याची मी वाट बघत बसले. आईंचं काही चुकलं नाही. आणि हा शॉट राहील. उद्या हा पडला तर मशीन, पिक्चर, सगळं कातरीला द्या, मी हूं की चूं करणार नाही."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. वहिनी अशी कधी बोलायची नाही.

"जेवायचंय का तुला?" सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी त्यांनीच हट्ट धरला, मी येणार. नवराही आला. दोघं तिसऱ्या रांगेत कडेला बसली. दिवे जायच्या आधी सासूबाई पुन्हा पुन्हा मागे वळून बघायला लागल्या. मागच्या भिंतीशी, कचऱ्याच्या डब्याशेजारी वहिनी उभी होती. त्यांना ती अंधारात दिसणार नव्हती. एवढ्या माणसांत आपण कधी हसायचं, हे त्यांना कळणार नव्हतं, आणि धाकटा दोन खुर्च्या सोडून बसला होता.

वहिनी भिंत सोडून निघाली. कडेच्या वाटेने खाली, थेट पुढे, पडद्याशेजारच्या छोट्या दारापाशी जाऊन उभी राहिली. तिथे बाहेर जायचा हिरवा दिवा होता. त्याच्या उजेडात तिचा चेहरा सगळ्या थिएटरला दिसला असता, पण बघणारं एकच माणूस होतं. पडदा तिच्या पाठीशी गेला. आयुष्यात पहिल्यांदा ती पिक्चर पुढून, म्हणजे पिक्चरच्या बाजूने बघत होती. येरझारा घालायला जागा नव्हती. पायांना काय करावं कळेना, तर ते आपले बुटांत बोटं आवळत बसले.

टेपची जागा आली. तिने मान कलती केली. हसू आलं, पण मोठं नाही, इथे थोडं, तिथे थोडं, फुटाणे तडतडायला लागावेत तसं. सासूबाई तिच्याकडे बघून हसल्या, उशिरा. त्यांचं ते उशिराचं हसू ऐकून शेजारची बाई पुन्हा हसली. मधेच एक विनोद सपाट गेला, ज्यावर तिने पैज लावली असती. आणि कपाट जिन्यात अडकल्यावर थोरला भाऊ नुसता "हं" म्हणतो, त्यावर अख्खी मागची रांग हसली. का, ते तिला कळलं नाही. पुढचं वाक्य बुडालं. तिला त्या बुडालेल्या वाक्याचं इतकं बरं वाटलं की तिने हिरव्या दिव्याखालची भिंत धरली.

मग बोलणं थांबलं. पाठीमागून हमालांच्या पावलांचे आवाज यायला लागले. टेबल गेलं. तिने मान सरळ ताठ धरली आणि चेहरा पाटीसारखा कोरा केला. पलंग गेला. थिएटर गप्प. कुणीतरी खुर्चीत सरकलं. धाकट्याने कपाळावर हात ठेवला. खुर्च्या गेल्या. किती लांब आहे हा शॉट, देवा, कशाला ठेवला मी हा एवढा लांब. स्क्रू फिरल्याचा आवाज आला.

सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या तिच्या डोक्यावरून, पडद्याकडे बघत होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी खांदे, मग मान मागे गेली, आणि मग ते शीळ घातल्यासारखं, चहा सांडणारं हसू आलं. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघू लागला, पण पुरता वळायच्या आधीच त्याचं पडद्याकडे लक्ष गेलं आणि तोही हसला. मग ते मागे मागे पसरत गेलं. पडद्यावर काय चाललंय ते वहिनीला दिसत नव्हतं. दार आत्ता निघालं, आत्ता तो अंग चोरतोय, हे तिला सासूबाईंच्या तोंडावरून कळत होतं. हसण्याच्या त्या लाटेत एकच माणूस स्वस्थ बसलं होतं, ते म्हणजे तिचा नवरा.

बाहेर कुणी कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. दोन बायका जिन्यात "आमचेही असेच, दार धरून उभे" असं काहीतरी आपल्या नवऱ्यांबद्दल बोलत उतरल्या. धाकटा वहिनीपाशी आला. फोन हातात होता.

"कातरीला सांगतो, नको म्हणून," तो म्हणाला. मग म्हणाला, "अर्धा पिक्चर अजून लंगडतोय, वहिनी."

"लंगडतोय. सोमवारी बसते."

"आणि तू तिथे पुढे काय उभी राहिली होतीस, दिव्याखाली? भूत दिसत होतीस."

"पाय दुखत होते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिघं चहाला बसली होती. खिडकी उघडी होती, रस्त्याचं मशीनही आज बंद होतं. नवऱ्याने पेपर दुमडला, कप उचलला, आणि कप ओठांपाशी धरूनच थांबला. त्याच्या पोटात काहीतरी हललं. मग खांदे हलले. मग त्याने कप खाली ठेवून टेबलावर हात आपटला.

"दारच," तो म्हणाला. त्याला पुढे बोलता येईना. "अगं, दारच नेलं."

सासूबाईंनी विणता विणता सुया थांबवल्या. "काय झालं गं त्याला?"

वहिनीने खुर्ची वळवली, तोंडावर खिडकीचा उजेड घेतला आणि त्यांना सावकाश सांगितलं, "कालचं आज पोचलं."